तुरुंगातही सुनावणीचा हक्क : अमरावती-अकोल्यातील कैद्यांच्या कुटुंबांसाठी माहिती

अकोल्याच्या विशेष न्यायालयाने मे २०१९ मध्ये एक निकाल दिला. प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे. २५ सप्टेंबर २०१५ रोजी, बकरी ईदच्या दिवशी, तिथल्या एका मशिदीबाहेर पोलिसांवर चाकूने हल्ला झाला होता. तिघांवर यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली खटला चालला. दहशतवादाचा आरोप तिघांपैकी एकावरही सिद्ध झाला नाही. केवळ ‘जिहाद’ हा शब्द वापरला म्हणून कुणाला दहशतवादी ठरवता येत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. एकाला पोलिसांना जखमी केल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली. पण तो अटकेपासून तीन वर्षांहून जास्त काळ आतच होता. म्हणजे शिक्षा आधी भोगून झाली आणि निकाल नंतर आला.

दुसरी गोष्ट अलीकडची. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातील सर्व १२ जणांची शिक्षा रद्द केली. त्या दिवशी ही माणसे येरवडा, नाशिक, नागपूर आणि आपल्या अमरावतीच्या कारागृहातून व्हिडिओवर निकाल ऐकत होती. बारापैकी एक जण निकाल ऐकायला उरला नव्हता. २०२१ मध्ये कैदेत असतानाच त्याचे निधन झाले होते. पुढे सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देता येणार नाही, असे त्या न्यायालयाने २४ जुलैला सांगितले, पण सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही. मधली १९ वर्षे मात्र कुणी परत देऊ शकत नाही.

हे दोन्ही खटले मोठे, पेपरात आलेले. पण चोरी, मारामारी, दारू, घरगुती भांडण अशा साध्या गुन्ह्यांत आत असलेल्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी आहे, आणि त्यांच्यासाठी पेपर लिहीत नाहीत. आम्ही पेशाने शिक्षक, वकील नाही. पण उर्दू आणि मराठी दोन्ही येतात म्हणून लोक आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसते. घरच्यांना वाटते की माणूस एकदा ‘आत’ गेला की त्याचे सगळे हक्क गेटवर जमा झाले. मग ते गप्प बसतात, किंवा ‘जेलमध्ये आपली ओळख आहे’ म्हणणाऱ्या दलालाला पैसे देतात. कायदा काय सांगतो, हे म्हणून इथे एकत्र मांडत आहोत.

आधी दोन शब्द समजून घ्या

ज्याचा खटला अजून चालू आहे तो कच्चा कैदी; सरकारी भाषेत न्यायाधीन बंदी. ज्याला शिक्षा झाली तो पक्का कैदी, म्हणजे सिद्धदोष बंदी. दोघांचे हक्क काही ठिकाणी सारखे, काही ठिकाणी वेगळे आहेत. अर्ज करताना माणूस यातला कोणता आहे, हे लिहिलेच पाहिजे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या कारागृहांत ५ लाख ७३ हजारांहून जास्त माणसे होती. त्यातले ४ लाख ३४ हजारांहून जास्त कच्चे कैदी होते. चारातले तीन जण असे, की ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. कच्च्या कैद्यांत मुसलमानांचे प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे, हे वर्षानुवर्षांच्या अहवालांत दिसते. दलित आणि आदिवासी समाजाचीही तीच स्थिती. त्यामुळे हा प्रश्न एका मोहल्ल्याचा नाही, गरिबांचा आहे.

एक खुलासा आधीच करतो. ज्याने गुन्हा केला त्याला शिक्षा व्हावी, यात आमचे दुमत नाही. ज्याच्या घरातला माणूस मारला गेला त्यालाही न्याय हवाच. प्रश्न एवढाच आहे की शिक्षा कोण देणार, किती देणार आणि ऐकून घेऊन देणार की न ऐकता.

कोणता हक्क जातो, कोणता राहतो

राज्यघटनेचे कलम २१ सांगते की कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कुणाचेही जीवित आणि स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. १९७८ च्या मेनका गांधी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही पद्धतही रास्त आणि न्याय्य असली पाहिजे. हे कलम भारताच्या नागरिकालाच नाही, प्रत्येक माणसाला लागू आहे. कैदी माणूसच असतो.

याबाबतचा एक जुना निकाल आपल्या मराठीशी जोडलेला आहे. प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांना भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध केले होते. आत असताना त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचे मराठी पुस्तक लिहिले. हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवायची परवानगी मागितली, तर सरकार नाही म्हणाले. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संझगिरी यांच्या बाजूने निकाल दिला. नियमात जी बंदी लिहिलेली नाही ती तुरुंगाच्या अधिकाऱ्याला मनाने घालता येत नाही, हा त्याचा अर्थ.

म्हणजे हिशेब असा : येण्या-जाण्याचे स्वातंत्र्य जाते. त्यासोबत जे अटळपणे जाते तेवढे जाते. वकील, उपचार, पत्र, मुलाखत, धर्माचरण, अर्ज करणे आणि आपले म्हणणे मांडणे हे कारागृहाच्या शिस्तीच्या मर्यादेत राहते.

पहिला कागद : अटकेची कारणे

अटक झाली की २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायाधीशांसमोर उभे करावे लागते. अटक कुठे आणि का झाली हे घरच्यांना कळवावे लागते. डॉक्टरी तपासणी करावी लागते आणि तिच्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला द्यावी लागते. स्त्रीला स्त्रियांच्याच कोठडीत, महिला पोलिसांच्या देखरेखीखाली ठेवावे, असे शीला बर्से यांनी मुंबईतल्या कोठड्यांबद्दल लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच बजावले आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये यात मोठी भर पडली. मिहीर शाह विरुद्ध महाराष्ट्र या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कोणत्याही गुन्ह्यातली अटक असो, अटकेची कारणे लेखी दिली पाहिजेत, आणि ती त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. लगेच लेखी देणे अशक्य असेल तर तोंडी सांगावे, पण कोठडी मागण्यासाठी न्यायालयापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी प्रत हाती पडली पाहिजे. हा निकाल देणाऱ्या खंडपीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते, आपल्या अमरावतीचेच.

‘समजणाऱ्या भाषेत’ हे शब्द आपल्यासाठी फार मोलाचे आहेत. आपल्याकडे उर्दू माध्यमात आठवी-नववी शिकलेली कितीतरी मुलं आहेत. मराठी बोलतात फर्राटेदार, पण कचेरीची मराठी वाचता येत नाही. कागद पुढे आला की सही करतात. त्यांना घरी बसून एवढे तरी शिकवून ठेवा : न वाचता सही नाही. वाचता येत नसेल तर ‘मला उर्दूत किंवा हिंदीत समजावून सांगा’ असे शांतपणे म्हणायचे, आणि न्यायाधीशांनी विचारले तर कागद मिळाला की नाही ते खरे सांगायचे.

दिवस मोजा

कच्च्या कैद्याच्या घरी एक कॅलेंडर भिंतीवर असावे आणि त्यावर अटकेची तारीख लाल शाईने लिहिलेली असावी. कारण दोन हक्क सरळ दिवसांवर चालतात.

पहिला, दोषारोपपत्राची मुदत. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे आणि त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकी गुन्ह्यांत ६० दिवस. यूएपीएसारख्या कायद्यात न्यायालय ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवू शकते. मुदतीत पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले नाही तर जामीन हा हक्क बनतो. पण तो मागावा लागतो. मुदत संपली, आपण गप्प राहिलो आणि चार दिवसांनी दोषारोपपत्र आले, तर हातचा हक्क गेला.

दुसरा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू आहे. ज्या गुन्ह्याचा आरोप आहे त्याच्या कमाल शिक्षेच्या अर्ध्याइतका काळ आत गेला असेल तर जामिनावर सुटका. आधी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश काळ पुरे. उदाहरण घेऊ. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे शिक्षा आहे. पहिल्यांदाच आरोप असलेल्या माणसाने एक वर्ष आत काढले की तो या कलमात बसतो. इतरांसाठी दीड वर्ष. सात वर्षांच्या गुन्ह्यात हाच हिशेब दोन वर्षे चार महिने आणि साडेतीन वर्षे असा येतो.

अपवादही सांगतो, नाहीतर उगाच आशा लागते. मृत्युदंड किंवा जन्मठेपेचा गुन्हा असेल तर हे कलम लागू नाही. एकाहून जास्त प्रकरणे चालू असतील तरी नाही. आरोपीने स्वतः लावलेला उशीर मोजत नाहीत. आणि अर्धा काळ झाल्यावरही न्यायाधीश लेखी कारणे देऊन आणखी ठेवू शकतात. पण एक गोष्ट पक्की : हा काळ पूर्ण झाला की न्यायालयाला लेखी अर्ज करणे ही कारागृह अधीक्षकांची जबाबदारी आहे, असे कलमातच लिहिले आहे. जुलै २०२४ पूर्वीच्या प्रकरणांनाही हे लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केले.

यूएपीएच्या प्रकरणात जामीन अवघड आहे, पण दार पूर्ण बंद नाही. खटला लवकर संपण्याची चिन्हे नसतील आणि माणूस वर्षानुवर्षे आत असेल तर घटनात्मक न्यायालय जामीन देऊ शकते, असे २०२१ च्या के. ए. नजीब निकालात म्हटले आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी असे न्यायालय म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ.

वकील फुकट मिळतो, तो भीक नाही

१९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांबद्दल एक याचिका सर्वोच्च न्यायालयात आली. हुसैनआरा खातून हे नाव त्यावरूनच कायद्याच्या पुस्तकात आले. आरोपाला जेवढी शिक्षा आहे त्याहून जास्त वर्षे लोक खटल्याची वाट बघत बसले होते. जलद खटला हा कलम २१ चाच भाग आहे आणि गरिबाला वकील देणे सरकारचे काम आहे, हे तेव्हा ठरले.

त्याच्या आदल्या वर्षी, १९७८ मध्ये, होसकोट विरुद्ध महाराष्ट्र हे प्रकरण झाले. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत कैद्याला वेळेवर न मिळाल्याने अपिलाला चार वर्षांहून जास्त उशीर झाला, अशी तक्रार होती. त्या माणसाचे अपील काही टिकले नाही. पण न्यायालयाने नियम घालून दिला : शिक्षेच्या निकालाची प्रत कैद्याला फुकट द्यायची, कारागृहाने ती देऊन त्याची पोच घ्यायची, आणि अपिलासाठी वकील नसेल तर सरकारने द्यायचा.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तर कोठडीत असलेल्या प्रत्येक माणसाला मोफत वकिलाचा हक्क आहे. त्याला उत्पन्नाच्या दाखल्याची अट नाही. अर्ज करायचा जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. अमरावतीत वेगळे, अकोल्यात वेगळे. प्राधिकरणाचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे. ‘सरकारी वकील काय कामाचा’ असे लोक म्हणतात. त्यात गफलत अशी की सरकारी वकील म्हणजे पोलिसांच्या बाजूने उभा राहणारा. प्राधिकरणाचा वकील आरोपीचा असतो. बहुतेक जिल्ह्यांत आता यासाठी लोकअभिरक्षक कार्यालयही आहे.

कच्च्या कैद्याला आपल्या वकिलाशी शक्यतो तिसरा माणूस हजर नसताना बोलता आले पाहिजे, ही तरतूद १८९४ च्या कारागृह कायद्यापासूनची आहे. म्हणजे इंग्रजांनीही हे मान्य केले होते.

आतली शिक्षा : ऐकून घेतल्याशिवाय नाही

कारागृहात शिस्त मोडली तर शिक्षा होऊ शकते. मारामारी, मोबाईल सापडणे, रजेवरून उशिरा परतणे अशी कारणे असतात. शिक्षा म्हणजे मुलाखत बंद, मिळालेली माफी कापणे, वेगळ्या कोठडीत ठेवणे. बाहेरच्या माणसाला ‘माफी कापली’ हे किरकोळ वाटेल. पण पक्क्या कैद्यासाठी माफीचा एकेक दिवस म्हणजे घरी जाण्याचा एकेक दिवस.

जुन्या कारागृह कायद्यातही अशी शिक्षा नोंदवहीत लिहावी लागते : काय गुन्हा, कोणत्या तारखेला, काय शिक्षा, आणि गंभीर बाब असेल तर साक्षीदारांची नावे. कोठडीत २४ तासांहून जास्त ठेवलेल्या कैद्याला डॉक्टरने किंवा वैद्यकीय कर्मचाऱ्याने रोज निदान एकदा बघितले पाहिजे.

यावर मोठी भर घातली सुनील बत्रा यांच्या दोन निकालांनी. बत्रा हे दिल्लीच्या तिहार तुरुंगातले फाशीची शिक्षा झालेले कैदी. १९७८ मध्ये त्यांनी स्वतःच्या एकांत कोठडीविरुद्ध दाद मागितली. पुढे दुसऱ्या एका कैद्याचा छळ झालेला पाहून त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला साधे पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. एकांत कोठडी, सवलती काढून घेणे, शिक्षा म्हणून दुसऱ्या तुरुंगात पाठवणे, यातले काहीही सत्र न्यायाधीशांनी तपासल्याशिवाय करू नये, आणि तातडीने करावेच लागले तर दोन दिवसांत त्यांना कळवावे, असा आदेश दुसऱ्या निकालात झाला.

घरच्यांनी काय करायचे? मुलाखतीत कळले की ‘माफी कापली’ किंवा ‘वेगळं ठेवलंय’, तर अधीक्षकांकडे लेखी विचारायचे : आरोप काय, म्हणणे कधी ऐकून घेतले, सत्र न्यायाधीशांची मान्यता कधी मिळाली, आदेशाची प्रत द्यावी. भांडायची गरज नाही. एवढे चार प्रश्न बस आहेत.

जातीचाही मुद्दा आहे. तुरुंगात झाडूकाम अमक्या जातीला आणि स्वयंपाक तमक्या जातीला, अशी वाटणी सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरचा हा निकाल आहे. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढून टाकायला सांगितला आहे.

दूरच्या तुरुंगात बदली

आईबाप अकोल्यात आणि मुलगा राज्याच्या दुसऱ्या टोकाला. एका मुलाखतीसाठी दोन दिवसांची मजुरी, रेल्वेचे भाडे, रात्री स्टेशनवर मुक्काम. अशी बदली ही कागदावर शिक्षा नसली तरी घरासाठी शिक्षाच असते.

इथे महाराष्ट्राचाच निकाल कामाचा आहे : महाराष्ट्र शासन विरुद्ध सईद सोहेल शेख, २०१२. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहातील कच्च्या कैद्यांनी तक्रार केली होती की २८ जून २००८ रोजी त्यांच्यावर बळाचा वापर झाला आणि नंतर त्यांना इतर कारागृहांत पाठवले गेले. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कच्च्या कैद्याची बदली करायची तर ज्या न्यायालयाने त्याला कोठडीत पाठवले त्याची परवानगी लागते. ही परवानगी म्हणजे नुसता शिक्का मारणे नाही, ते न्यायनिवाड्याचे काम आहे. म्हणून कैद्याला आधी नोटीस दिली पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे.

बदलीची कुणकुण लागताच वकिलामार्फत त्या न्यायालयात हरकत नोंदवा. बदली झालीच असेल तर परत आणण्याचा अर्ज करा. त्यात वृद्ध आई, लहान मुले, आजार, खटल्याच्या तारखा असे ठोस कारण आणि त्याचा पुरावा जोडा.

रजा, पॅरोल आणि जनाजा

पक्क्या कैद्याला दोन प्रकारची रजा मिळू शकते. संचित रजा म्हणजे फर्लो : ठरावीक शिक्षा भोगल्यावर, वर्तन चांगले असेल तर. अभिवचन रजा म्हणजे पॅरोल : आजारपण, मृत्यू, लग्न अशा कारणासाठी. महाराष्ट्रात यासाठी नियम आहेत आणि त्यात वेळोवेळी बदल होतात, म्हणून सध्या किती दिवस मिळतात ते कारागृहात विचारून घ्या. पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात. तो अडला तर ठाण्यात जाऊन लेखी पाठपुरावा करा. रजा नाकारली तर कारणासह लेखी आदेश मागा. ‘नाही म्हणाले’ यावर अपील करता येत नाही, कागदावर करता येते.

कच्च्या कैद्याला पॅरोल नसतो. इथे बरेच घोटाळे होतात. वडील वारले आणि घरचे धावतात कारागृहाकडे. तिथे अधीक्षकांच्या हातात काही नसते. कच्च्या कैद्यासाठी अर्ज त्याचा खटला ज्या न्यायालयात आहे तिथे करायचा : काही दिवसांचा तात्पुरता जामीन, किंवा पोलीस बंदोबस्तात जनाज्याला आणि दफनविधीला हजर राहण्याची परवानगी. आपल्यात दफन काही तासांत होते. म्हणून मृत्यूचा दाखला नसेल तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन वकिलाला लगेच न्यायालयात पाठवा. सुट्टी असेल तर सुट्टीच्या न्यायाधीशांसमोर जाता येते.

जामीन झाला, पण सुटका होईना

हे गरिबांच्या घरचे नेहमीचे दुखणे. आदेश झाला, पण जामीनदार नाही, ऐपतीचा दाखला नाही, सातबारा नाही.

१९७८ चे मोतीराम प्रकरण लक्षात ठेवा. मध्य प्रदेशातल्या या गवंडीकाम करणाऱ्या माणसाला दहा हजारांचा जामीन सांगितला गेला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भाऊ जामीनदार चालणार नाही असे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवले. म्हणजे अकोल्याच्या प्रकरणात अचलपूरचा मामा किंवा बुऱ्हाणपूरचा चुलता जामीनदार राहू शकतो.

३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने आणखी काही गोष्टी घालून दिल्या. जामिनाचा आदेश झाला की त्याची प्रत ईमेलने कारागृहात जायला हवी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. एक महिन्यात जामीन भरता आला नाही तर न्यायालय अटी सैल करण्याचा विचार करू शकते. शिवाय केंद्र सरकारची २०२३ पासूनची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे. तिच्यातून कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आणि पक्क्या कैद्याच्या दंडासाठी मदत मिळू शकते. यूएपीए, अमली पदार्थ अशा काही कायद्यांतल्या आरोपींना ती नाही. अर्ज प्राधिकरणाच्या किंवा कारागृहाच्या मार्फत जातो.

मारहाण, आजार, मृत्यू

मारहाण झाली असे कैद्याने सांगितले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. वकिलाने लगेच न्यायालयात अर्ज करून डॉक्टरी तपासणी मागावी. जखमा दोन-तीन आठवड्यांत भरतात, नोंद झाली तरच उरते. पेशीला, व्हिडिओवर का होईना, न्यायाधीशांसमोर कैद्याने स्वतः सांगावे. कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी कायद्याने बंधनकारक आहे आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला २४ तासांत कळवावे लागते. शवविच्छेदन अहवालाची प्रत घरच्यांनी लेखी मागावी.

अर्ज कसा लिहायचा

अर्ज साध्या मराठीत लिहा. शेर-शायरी, शिव्या, रडगाणे नको. एका कागदावर एकच मागणी. दोन प्रती काढा, एक द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. नमुना असा :

प्रति, मा. अधीक्षक, जिल्हा कारागृह, अकोला.
विषय : कलम ४७९ प्रमाणे न्यायालयाकडे अर्ज पाठवण्याबाबत.
महोदय, माझा मुलगा (पूर्ण नाव, बंदी क्रमांक) हा (पोलीस ठाणे) गुन्हा क्रमांक ……, कलम ……, या प्रकरणात दिनांक …… पासून आपल्या कारागृहात न्यायाधीन बंदी आहे. या गुन्ह्याची कमाल शिक्षा …… वर्षे आहे. त्याला यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही आणि त्याच्यावर दुसरे प्रकरण चालू नाही. दिनांक …… रोजी त्याने एक तृतीयांश काळ पूर्ण केला आहे. तरी कायद्याप्रमाणे संबंधित न्यायालयाकडे अर्ज पाठवावा आणि पाठवल्याची माहिती मला लेखी द्यावी, ही विनंती.
प्रत : सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, अकोला.
अर्जदाराचे नाव, कैद्याशी नाते, पत्ता, सही, तारीख.

घरात एक जाड फाईल ठेवा. तिच्यात एफआयआरची प्रत, अटकेच्या कारणांचा कागद, दोषारोपपत्र, प्रत्येक तारखेचा आदेश, डॉक्टरी कागद, अर्जांच्या पोच आणि वकिलाला दिलेल्या पैशांची पावती, सगळे तारखेप्रमाणे लावा. घरातली शिकलेली मुलगी हे काम उत्तम करू शकते. वकील बदलला तरी फाईल तुमच्याकडेच राहिली पाहिजे.

मोहल्ल्यातल्या सुशिक्षित मंडळींकडे आमची एक मागणी आहे. चार माणसांनी मिळून आपल्या भागातल्या कच्च्या कैद्यांची यादी करावी : नाव, कलम, अटकेची तारीख, वकील आहे का, जामीन झाला आहे का. एका रविवारचे काम आहे. ज्यांचा एक तृतीयांश काळ पूर्ण झाला आहे आणि ज्यांचा जामीन होऊन महिना उलटला आहे, ती नावे वेगळी काढून सोमवारी विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात लेखी द्यावीत. पोच घ्यायला विसरू नये.